पिकोलितची खुर्ची

आमच्या कारखान्यात खुर्ची पुरी झाली की तिच्यावर पहिल्यांदा तुल्लिओ बसायचा. त्याच्याआधी कोणी बसलं तर ती खुर्ची उष्टी. आधी सरळ बसायचं, मग मागच्या दोन पायांवर रेलायचं आणि डोळे मिटून ऐकायचं, पाठीवरून आणि कडांवरून तळवा फिरवायचा, खाली वाकून एकदा वास घ्यायचा. मग खुर्ची उलटी करून बैठकीच्या खाली खडूनं रेघ. रेघ म्हणजे पास. फुली म्हणजे नापास, आणि नापास खुर्ची माझ्या बॉयलरमध्ये. माझं काम लाकूड वाफवून वाकवायचं. त्या वाफेला लागणारी आग अर्धीअधिक फुल्यांवर चालते असं मी म्हणायचो आणि तुल्लिओ म्हणायचा, "एजिदिओ, तुझ्या आगीला भूक लागली की माझा हात वाकडा होतो."

मला मोजायची खोड आहे. गावात मला नोटरी म्हणतात. वाइन विकणाऱ्या बेर्तोच्या अंगणात कोण किती वेळा 'हा शेवटचा पेला' म्हणतो, पाद्रीबाबा प्रवचनात किती वेळा घड्याळाकडे बघतात, कोणाची सून सासूला दिवसाकाठी किती वाक्यं बोलते, हे मला विचारावं. तुल्लिओचं प्रमाण अकराला एक होतं. अकरा खुर्च्यांमागे एक फुली. हिवाळा असो, उन्हाळा असो, सण असो, त्याचं बायकोशी भांडण झालेलं असो. त्याची बायको म्हणजे माझी धाकटी बहीण नीवेस.

नीवेस मार्चमध्ये गेली. तिथून पुढच्या वर्षीच्या मेपर्यंत आमच्याकडे चारशे बारा खुर्च्या झाल्या. फुली एकही नाही.

तिच्या दफनाच्या दिवशी तुल्लिओ रडला नाही. मीही नाही. माझी भाची मार्त्सिया तिघांच्या वाटचं रडली आणि सोमवारी कामाला लागली. मिलानमध्ये शिकलेली, तिथेच आठ वर्षं खुर्च्यांची चित्रं काढणारी पोर. आईच्या आजारपणात परत आली ती राहिली. मान्झानोत, म्हणजे आमच्या गावात, आम्ही उरलो होतो ते खुर्च्या करण्यापुरते. आमच्या रस्त्यावर माझ्या तरुणपणी एकोणीस कारखाने होते, आता चार. त्यात आमचा एक, माणसं आठ.

लेदाबाई आल्या त्या ऑक्टोबरात. वर टेकडीवर त्यांचे द्राक्षमळे, वय सत्तरच्या पुढे, गाडी चालवायच्या ती अशी की समोरचा आपोआप नाल्यात. वाइन चाखायला येणाऱ्या लोकांसाठी त्यांना पाच खुर्च्या हव्या होत्या. त्यांच्या पाच वाइन, प्रत्येकीची एक.

"लोक येतात, पेला हातात घेतात आणि फोनवर बोलतात," त्या मार्त्सियाला म्हणाल्या. "मला त्यांना आधी बसवायचंय. बसल्याबसल्या पाठीला, हाताला, नाकाला कळलं पाहिजे की आता पेल्यात काय येणार. जमेल?"

"जमेल."

"मिलानवाले सगळे जमेलच म्हणतात. एक अट आहे. खाली तुल्लिओची रेघ पाहिजे. ह्या माणसानं चाळीस वर्षांपूर्वी माझ्या बापाला तोंडावर सांगितलं होतं, तुमच्या तिसऱ्या पिंपात उंदीर मेलाय. बापानं त्याला हाकलून दिलं. मग पीप रिकामं केलं."

"मग?"

"मग काय. होता."

तुल्लिओ शेजारीच उभा होता. पूर्वी हा किस्सा निघाला की तो उंदराची लांबी वाढवून सांगायचा. त्या दिवशी त्यानं मान हलवली आणि कडा घासायला परत गेला. लेदाबाईंनी त्याच्या पाठीकडे जरा जास्त वेळ बघितलं, पण बोलल्या काही नाहीत. त्यांच्या बाबतीत हे मी लिहून ठेवण्यासारखं मानतो.

मार्त्सियानं पाच बाटल्या आणल्या, पाच पेले मांडले, वही उघडली आणि बापाला समोर बसवलं. मी वाफेच्या पेटीजवळून ऐकत होतो.

"बाबा, ही रिबोल्ला. कशी आहे?"

"चांगली."

"चांगली म्हणजे?"

"चांगली."

"बरं. ही फ्रिउलानो?"

"चांगली."

पाच पेले, सात वेळा चांगली. वहीत तिनं काहीच लिहिलं नाही. एके काळी हा माणूस फ्रिउलानोचा घोट घेऊन सांगायचा की द्राक्षं ओढ्याच्या अंगची आहेत की रस्त्याच्या, आणि तोडणारा डावखुरा होता का. शेवटचं अर्थात थाप होती. पण थाप मारायलाही आतून काहीतरी लागतं.

मग तिनं एकटीनंच आखणी केली. हिवाळाभर ती ह्या पाच वाइन घेऊन बसायची. प्यायची कमी, हुंगायची जास्त. मी तिला विचारलं, "वाइनची खुर्ची म्हणजे नक्की काय करणार? गादीवर सांडणार?"

"मामा, रिबोल्ला प्यायलास की पहिल्यांदा काय होतं?"

"जबडा आवळतो."

"मग ती खुर्ची तुला ताठ बसवणार. लिंबाच्या सालीसारखी पातळ, पांढऱ्या लाकडाची. आणि हात ठेवशील तिथे पांढऱ्या दगडाच्या चकत्या, थंडगार."

मला पटलं. पटलं तरी मी तोंड वाकडं केलं, कारण लहानपणापासून तिला मामाचं वाकडं तोंड बघूनच काम नीट करायची सवय.

फ्रिउलानो ही आमची रोजची वाइन, पिऊन झाली की जिभेच्या मुळाशी कडू बदामाची चव ठेवते. तिची खुर्ची गोल पाठीची, आईच्या स्वयंपाकघरातली वाटावी अशी, फक्त बैठकीच्या पुढच्या कडेला अक्रोडाच्या लाकडाची बारीक उंच पट्टी, मांडीला जाणवणारी. स्क्योपेत्तीनोला मिऱ्याचा तडका असतो. तिच्या बैठकीत पाणगवताच्या पिळात मक्याची वाळकी सालं विणली, म्हणजे बसलं की कडकडणार. खाली हपुषेच्या, म्हणजे ज्युनिपरच्या, लाकडाचा भुसा भरलेला एक कप्पा, मिऱ्यासारखा वास देणारा. रेफोस्को काळी, जड. तिच्यासाठी लेदाबाईंच्याच जुन्या ओकच्या पिंपाच्या फळ्या, आतली वाइननं काळवंडलेली बाजू बाहेर काढलेली. ती खुर्ची दोन्ही हातांनी ओढावी लागायची.

पाचवी पिकोलित. ह्या वेलीची बहुतेक फुलं फळ न धरताच गळतात. घोसात जिथे शंभर मणी हवेत तिथे दहा-बारा. म्हणून वाइन थोडी, गोड, मधासारखी आणि लेदाबाई ती अंगठ्याएवढ्या पेल्यात देतात. मार्त्सियानं ती खुर्ची बुटकी केली, मेण लावलेली, बसलं की हळूहळू आत घेणारी. पाठीला अकरा दांड्यांची अकरा भोकं पाडली आणि दांड्या बसवल्या चारच. सात भोकं रिकामी.

एप्रिलच्या शेवटी चार खुर्च्या झाल्या. त्याच आठवड्यात बेर्तोनं तो उद्योग केला.

बेर्तो वसंतात दारावर खुणेची फांदी टांगतो आणि घरची वाइन, उकडलेली अंडी, चीज-बटाट्याचा फ्रिको असं अंगणात विकतो. संध्याकाळी कामावरून सुटलेले सगळे तिथे. त्या हिवाळ्यात तुल्लिओला मोठा ताप येऊन गेला होता, आणि लोकांच्या मते तेव्हापासूनच तो कुठल्याच पेल्याबद्दल काही बोलत नव्हता. आमच्या गावात माणूस बायकोबद्दल गप्प बसला तर चालतं. पेल्याबद्दल गप्प बसला की लोक काळजीत पडतात.

"बघू या की," बेर्तो माझ्या कानाशी म्हणाला. त्यानं आपल्या मातीच्या सुरईत दुकानातली खोक्यातली वाइन ओतून आणली होती, खाली सपाटीवरची, कुठल्या द्राक्षाची ते खोक्यालाही माहीत नसेल. तुल्लिओसमोर पेला भरला. "मास्तर, यंदाची पहिली. कशी काय?"

आठ माणसं अंड्याचं कवच सोलता सोलता थांबली. तुल्लिओ प्यायला. पेला खाली ठेवला.

"चांगली," म्हणाला.

कोणी हसलं नाही. बेर्तोनं सुरई आत नेली आणि बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "नाक गेलं रे त्याचं," तो म्हणाला. "कोणाला सांगू नका." म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पलीकडच्या गावातही ते पोचलं.

मार्त्सियाला बेकरीत कळलं. ती पाव न घेताच परत आली आणि माझ्या बॉयलरजवळ उभी राहिली. तुल्लिओ पलीकडच्या शेडमध्ये होता. त्या सकाळीच त्यानं चार खुर्च्यांवर बसून चार रेघा मारल्या होत्या. प्रत्येकीला पाच मिनिटं, सगळा विधी जसाच्या तसा, रेलणं, ऐकणं, हुंगणं.

"मामा, तुला माहीत होतं?"

"बेर्तोचं? मी तिथेच होतो."

"आणि मला नाही सांगितलंस."

"काय सांगू? तुझ्या बापाचं नाक हरवलंय, कोणाला सापडलं तर कळवा?"

ती हसली नाही. "गेल्या वर्षभरात फुली किती?"

"शून्य. चारशे अकरा खुर्च्या, तुझ्या चार धरून."

"म्हणजे ह्या रेघांना काही अर्थ नाही."

"लेदाबाईंना ते कुठे माहीत आहे?"

"लेदाबाईंना माहीत नाही म्हणून मी त्यांना खोटी रेघ देऊ? त्यांनी खुर्च्या नाही मागितल्या मामा, रेघ मागितली. खुर्च्या त्यांना कोणीही देईल."

मी लाकूड उलटं केलं. आठ माणसांचं काम ह्या एका गिऱ्हाइकावर पुढे जाणार होतं. लेदाबाईंकडे त्या खुर्च्या बघून टेकडीवरचे बाकीचे मळेवाले येणार, असा सगळ्यांचा हिशेब होता. रेघ दिली तर खोटी, न दिली तर काम गेलं. तिच्या कपाळावर नीवेसची ती उभी आठी आली होती. मला तिच्याबद्दल वाईट वाटायला हवं होतं. माझ्या लक्षात आलं की वाटत काही नाहीये, लाकूड दोन मिनिटं जास्त वाफवलं गेलंय एवढंच कळतंय.

"आधी खात्री करते," ती म्हणाली. "मग बघते."

तिनं पिकोलितची खुर्ची जोडून पुरी केली आणि मग तिच्या मागच्या डाव्या पायाचा तळ आरीनं कापला. तीन मिलिमीटर. आमच्या धंद्यात तीन मिलिमीटर म्हणजे लंगडा माणूस. उभी करून बोटानं ढकलली तर खुर्ची डुगडुगत होती, आंधळ्यालाही कळावं अशी.

बापाला बोलावलं. तुल्लिओ आला, टोपी काढून खिशात घातली, बसला. खुर्ची डावीकडे कलली. तो रेलला, ती आणखी कलली. डोळे मिटले, ऐकलं. पाठीवरून हात फिरवला, रिकाम्या भोकांवरून बोट नेलं, एक दोन तीन सात. वाकून हुंगलं. उठला, खुर्ची उलटी केली आणि रेघ मारली.

मी बॉयलरचं दार लावून घेतलं.

मार्त्सिया हात पुसत उभी होती. मला वाटलं आता आवाज चढवणार. ती तिच्या आईसारखी चिडली की अगदी हळू बोलते, तशी बोलली.

"बाबा, ह्या खुर्चीत चूक काय आहे?"

चौदा महिन्यांत हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. आम्ही सगळे विचारत होतो, कशी आहे. घरी, अंगणात, कारखान्यात. कशी आहे, आणि तो म्हणायचा, चांगली.

"डावा मागचा पाय तीन मिलिमीटर आखूड आहे," तुल्लिओ म्हणाला. "तू आज कापलायस. बाकीचे तीन घासलेले आहेत, ह्याचा काप ताजा आहे, आरीचे दात दिसतात."

कारखान्यात रंधा चालू होता तो कोणीतरी बंद केला.

"आणखी?" मार्त्सियानं विचारलं.

"मेण जास्त झालंय. मधाचा वास बसायच्या आधी येतो. पिकोलितमध्ये तो घोट उतरल्यावर येतो. मेण पाठीला नको, बैठकीच्या खालच्या अंगाला लाव, माणसाच्या उबेनं वर येईल. आणि ती सात भोकं कशाला दाखवतेस? वेलीवर गळालेल्या फुलांच्या जागा दिसत नाहीत. मणी लांब लांब असतात एवढंच. भोकं पाडू नकोस. चार दांड्या आणि मध्ये जागा."

हे सगळं तो वाणसामानाची यादी वाचावी तसं बोलला. मार्त्सियानं वही शोधली, सापडली नाही, मग माझ्या पाठीमागच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्याच्यावर लिहायला लागली.

"बाकीच्या चार? सकाळी पास केलेल्या?"

"रिबोल्लाचे दगड पातळ. दुसऱ्या घोटापर्यंत हाताच्या उबेनं तापतात. रिबोल्ला शेवटपर्यंत थंड राहते. दुप्पट जाड घे. फ्रिउलानोची पट्टी चुकीच्या जागी. बसतानाच टोचते. कडूपणा शेवटी येतो, उठताना लागली पाहिजे, मागे घे. स्क्योपेत्तीनो आवाज चांगला करते, पण थांबत नाही. बसलेला माणूस हलला की पुन्हा कडकड, पुन्हा कडकड. मिरी एकदाच चावायची असते. गवत ओलं असताना जास्त दाबून विण, तीन-चारदा वाजून बसेल. रेफोस्कोला तू जवसाचं तेल लावलंस. आता तिला रंगाऱ्याच्या दुकानाचा वास येतो. पिंपाला तेल लावतात का?"

"नाही."

"मग."

खिशातली टोपी काढत तो म्हणाला, "आणि बेर्तोनं परवा सुरईत खोक्यातली वाइन दिली. तीन महिने उघडी असेल."

मागे कोणीतरी खोकलं. मार्त्सियानं पेन्सिल खाली ठेवली.

"तुम्हाला सगळं कळतं."

"कळतं."

"मग रेघ का मारली?"

त्यानं विचार केला. खरंच केला, टाळत नव्हता. "फुली मारली तर तू परत करणार. रेघ मारली तर गाडीत चढवणार. मला दोन्हीत फरक वाटेना."

"कधीपासून?"

"तुझी आई गेली त्याच्या पुढच्या गुरुवारी एक खुर्ची आली. पाठ वाकडी होती. मी बसलो, कळलं वाकडी आहे. कळलं आणि त्यापुढे काही झालंच नाही. पूर्वी वाईट वाटायचं, राग यायचा. मी थोडा वेळ वाट बघितली. मग रेघ मारली, पुढची खुर्ची उभी होती."

मला राहवेना म्हणून मी विचारलं. "तुल्लिओ, ह्या पाच सोडून बाकीच्या चारशे सातांत फुल्या किती झाल्या असत्या?"

"सदतीस."

अकराला एक. मी मनात भाग देऊन बघितला, बरोबर आला. "कुठे गेल्या त्या?"

"चोवीस ग्रादोच्या समुद्रावरच्या हॉटेलात. नऊ ट्रिएस्टला. दोन पाद्रीबाबांच्या स्वयंपाकघरात. उरलेल्या दोन तुझ्या घरी."

"माझ्या?"

"ख्रिसमसला नेल्यास त्या. एकीचा सांधा सुटेल. जड माणसाला बसवू नकोस."

ती खुर्ची मी रोज वापरत होतो. सांधा सैल झालाय हे मला कळलं नव्हतं, ही गोष्ट त्यानं काढली नाही.

दुसऱ्या दिवशी मार्त्सिया मला घेऊन टेकडीवर गेली. साक्षीला नोटरी असावा, म्हणाली. लेदाबाई ओट्यावर शेंगा सोलत होत्या. तिनं त्यांना सगळं सांगितलं, पाय कापल्यापासून सदतीसपर्यंत. मी असतो तर निम्मं सांगितलं असतं.

"म्हणजे नाक शाबूत?" लेदाबाई म्हणाल्या.

"शाबूत."

"जीभ?"

"शाबूत."

"मग नाही काय?"

"फुली मारावीशी वाटणं."

लेदाबाईंनी तीन शेंगा सोलल्या. "पोरी, रेघ कोणीही मारतं. मी तुल्लिओची मागितली ती तो फुली मारतो म्हणून. पास करणारे माझ्याकडे रोज येतात, बाटली फुकट मिळाली की वाइन उत्तम. आता तू मला सांग, तुमच्याकडे फुली मारणारं कोण उरलंय?"

"मी."

"बापानं पास केलेल्या खुर्च्यांवर?"

"त्या माझ्या खुर्च्या आहेत. बापानं पास केल्या, मी नापास करते. पाचही. मला सात आठवडे द्या."

"आणि चूक कोण सांगणार? तुझं वय काय, तेहतीस? तेहतिसाव्या वर्षी मला व्हिनेगरसुद्धा आवडायचं."

"चूक बाबा सांगणार. त्याचं वाईट मी वाटून घेईन."

लेदाबाई माझ्याकडे वळल्या. "काय हो नोटरी, अशी वाटणी चालते?"

मी म्हणालो, धंद्यात यापेक्षा वाईट वाटण्या बघितल्या आहेत. भावाभावांच्या.

"सात आठवडे," त्या म्हणाल्या. "आठवा नाही. आणि ह्या शेंगा घेऊन जा, माझ्याच्यानं संपत नाहीत."

कारखान्यात परत आल्यावर तिनं बापाच्या खिशातून खडू मागितला. त्यानं दिला. तिनं पाचही खुर्च्या उलट्या केल्या, रेघांवर रेघा मारून फुल्या केल्या आणि एकेक माझ्याकडे आणली. मी म्हणालो, दगड काढून घे, जळत नाहीत. रिबोल्ला भुर्रकन पेटली. स्क्योपेत्तीनो अर्थातच खूप वाजली. पिकोलितचं मेण वितळून जाळीवर ठिबकलं. रेफोस्को सगळ्यांत शेवटी. पिंपाच्या फळ्या पेटायला वेळ लागला, मग तेलाचा धूर निघून गेला आणि शेडभर वाइनचा वास पसरला, जुन्या तळघरासारखा. आम्ही सगळे थांबून हुंगत होतो. तुल्लिओ हातगाडी ढकलत आला.

"पंच्याण्णवची होती शेवटची त्या पिंपात," म्हणाला आणि तसाच पुढे गेला.

मार्त्सिया त्याच्या मागे गेली. दारातून मला दोघांचं ऐकू येत होतं.

"बाबा, उद्यापासून तुम्ही रेघ मारायची नाही."

"बरं."

"बसायचं मात्र पहिल्यांदा तुम्हीच. आणि मी विचारीन, काय चूक आहे. कशी आहे असं विचारणार नाही."

"बरं."

"तुम्हाला चालेल?"

"मला काही त्रास नाही."

"मला आहे," ती म्हणाली. "म्हणून विचारते."

पुढचे सात आठवडे रोज सकाळी हे चाललं. काय चूक आहे. डावा हात एक बोटभर उंच. काय चूक आहे. हपुषा जास्त, मिरी नाही, औषध वाटतं. ती चिडायची, पटाशी आपटायची, एकदा बापाला म्हणाली, "मग कालच का नाही सांगितलंत," तर तो म्हणाला, "काल उजवा विचारलास." ती पायऱ्यांवर जाऊन बसली, मग उठून पुन्हा लागली. मी मोजलं. एकूण एकशे अठरा चुका. तो कंटाळला नाही, खूशही झाला नाही. इतर खुर्च्यांमध्येही फुल्या परत आल्या, तिच्या हातच्या. मी प्रमाण काढलं, नऊला एक. बापापेक्षा कडक. बॉयलरला बरं चाललंय.

जुलैतल्या दुसऱ्या रविवारी दुपारी लेदाबाईंनी आम्हाला जेवायला बोलावलं. पाच खुर्च्या त्यांच्या चाखायच्या खोलीत अर्धगोलात मांडल्या होत्या. मार्त्सियाला त्यांनी रेफोस्कोवर बसवलं, मला फ्रिउलानोवर, आणि तुल्लिओला पिकोलितवर. दोन खुर्च्यांवर कोणी नव्हतं. मी बसलो, छान वाटावं अशी गोल पाठ होती. डुकराच्या मांडीचे पातळ काप आले, पाव आला. लेदाबाईंनी स्वतः ओतलं. तुल्लिओला अंगठ्याएवढ्या पेल्यात पिकोलित.

तो खुर्चीत हळूहळू खाली गेला, जशी ती केलेली होती तशी. पाठीला चार दांड्या, मध्ये रिकामी जागा. घोट घेतला. मार्त्सियाचा घास तोंडातच होता.

"बाबा, काय चूक आहे?"

तो मागे रेलला. हात खाली नेऊन बैठकीची कड चाचपली. पुन्हा एक घोट घेतला.

"काही नाही," तो म्हणाला. "बरोबर आहे."

मार्त्सियानं घास गिळला. तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते पुसले नाहीत, पावाला हात घातला.

"ते ठीक आहे," लेदाबाई म्हणाल्या. "मी विचारते, आवडली का?"

तुल्लिओनं पेला उजेडाकडे धरला, जणू तिथे उत्तर असेल. मग मुलीकडे बोट केलं. "ते तिला विचार, लेदा."

"मला आवडली," मार्त्सिया म्हणाली. "मला खूप आवडली."

"मग झालं," लेदाबाई म्हणाल्या आणि तिचा पेला पुन्हा भरला. त्याचाही भरला, त्यानं नको म्हटलं नाही.

मग त्या बाटली घेऊन माझ्याकडे आल्या. माझा पेला रिकामा होता. मी तो कधी संपवला ते मला आठवेना, आणि मध्ये पाव घ्यायला उठलो तेव्हा मांडीला ती पट्टी लागायला हवी होती, ती लागली का, तेही सांगता आलं नसतं. नीवेसला फ्रिउलानो आवडायची. काय चूक आहे, असं मला मात्र लेदाबाईंनी विचारलं नाही. मी पेला पुढे केला.